गाडीचं माप करारात आहे, खोलीचंही येऊ द्या

मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा)

स. न. वि. वि.

मी फर्निचरची कामं घेतो. ठाणे, कल्याण, पनवेल, अधूनमधून मुंबई. नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली की लोक गुरुजींच्या आधी मला फोन करतात, कारण कपाट आणि पलंग कुठे बसणार हे ठरल्याशिवाय विजेच्या बोर्डांच्या जागासुद्धा ठरत नाहीत. त्यामुळे जाहिरातीत वाचलेलं घर आणि हातात आलेलं घर यांची पहिली गाठ माझ्या टेपसमोर पडते. बावीस वर्षं हे बघतोय. आपल्याला लिहायचं बरेच दिवस मनात होतं, परवा एका घरातून परतलो आणि बसलोच.

नवरा-बायको, दोघंही नोकरी करणारी, सोबत तिचे वडील. बेडरूम छापील आराखड्यात १० फूट बाय ११ फूट. मी टेप टाकला तर १० फुटांच्या जागी ९ फूट १० इंच. दोन फुटांचं कपाट, साडेसहा फुटांचा पलंग, मध्ये उरले १ फूट ४ इंच. कपाटाचं एक दार दीड फुटाचं. म्हणजे दार पलंगावर आपटणार. वडील म्हणाले, "मिस्त्री, जरा नीट मोजा. सँपल फ्लॅटमध्ये पलंगापुढे एवढी जागा होती की मी सूर्यनमस्कार घातले असते."

मी नीटच मोजलं होतं. आणि सँपल फ्लॅटमध्ये ती जागा कुठून आली असणार हेही मला माहीत होतं, कारण असे सँपल फ्लॅट मी स्वतः केलेत.

ही कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. पहिल्यांदा ते काम आलं तेव्हा ड्रॉइंगवर पलंगाची लांबी ५ फूट ९ इंच होती. मला वाटलं मुलांची खोली असेल. विचारलं तर इंटिरिअरवाले साहेब नुसते हसले. कपाटाची खोली १६ इंच. हँगरला लटकवलेला शर्ट आडवा राहायला दोन फूट लागतात. १६ इंचांत शर्ट तिरका लावावा लागतो, पण सँपल फ्लॅटच्या कपाटात शर्ट लावतंय कोण? खोल्यांमधल्या भिंती प्लायच्या, दोन इंची. दरवाजे कुठेच नाहीत, फक्त चौकटी, कारण दार आलं की ते उघडायला जागा लागते. आता हिशेब बघा. कपाट १ फूट ४ इंच, पलंग ५ फूट ९ इंच, दोन्ही मिळून ७ फूट १ इंच. दहा फुटांतून उरले २ फूट ११ इंच. झाले सूर्यनमस्कार.

२०१६च्या आपल्या कायद्यात, म्हणजे रेरामध्ये, कलम १२ आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका बघून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाली, तर बिल्डरनं भरपाई द्यावी, आणि गिऱ्हाईकाला नको असेल तर पैसे व्याजासह परत करावेत, असं ते सांगतं. चांगलं कलम आहे. पण माझा ५ फूट ९ इंचांचा पलंग त्यात कुठे पकडणार? तो सदनिकेचा भाग नाही, त्याबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही, आणि तो खोटाही नाही. पलंगच आहे तो. आखूड आहे, एवढंच.

जाहिरातींतल्या शब्दांचंही असंच झालंय. 'आलिशान', 'निसर्गाच्या कुशीत', 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' यांवर विनोद पुष्कळ झाले, त्यात मी शिरत नाही. त्या शब्दांना कुणी फसत नाही. माणूस फसतो तो ज्या शब्दापुढे आकडा असतो तिथे.

आपण येण्याआधी आकडा असायचा 'सुपर बिल्ट-अप'चा किंवा 'सेलेबल'चा. कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या फरशीच्या क्षेत्रावर, जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस, वॉचमनची केबिन यांचा वाटा चढवायचा, त्याला म्हणायचं लोडिंग. ४० टक्के लोडिंग म्हटलं की ६०० कार्पेटचे ८४० व्हायचे. गंमत म्हणजे गिऱ्हाईक घरी जाऊन ८४० मधून ४० टक्के वजा करायचं, ५०४ यायचे, आणि मग ते प्रत्यक्षात ६०० निघाल्यावर बिल्डर देवमाणूस वाटायचा. हे मी कितीदा ऐकलंय! टक्का कशाचा, हे न सांगितल्याचा फायदा असाही होतो.

रेरानं कार्पेटची व्याख्या केली आणि हा खेळ बराचसा बंद झाला, याबद्दल आपले आभार खरोखरीचे आहेत. व्याख्या साध्या भाषेत अशी: घराच्या आतली वापरायची फरशी. बाहेरच्या भिंती त्यात नाहीत, पाइपांचे डक्ट नाहीत, बाल्कनी आणि गच्ची नाही. पण आतल्या खोल्या-खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा मात्र आहे. हे शेवटचं वाक्य बहुतेकांना माहीत नसतं. दोन बेडरूमच्या एका घरात मी आतल्या भिंतींची लांबी मोजून बघितली, साधारण ६० फूट भरली. प्लास्टर धरून जाडी ५ इंच. म्हणजे २५ चौरस फूट. चौरस फुटाला १२ हजार भाव धरला तर तीन लाखांच्या नुसत्या भिंती. कायद्यानं चूक केली असं मी म्हणत नाही, भिंत लागतेच. पण प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी गुणून, सगळ्यांची बेरीज करून बिल्डरशी भांडायला निघालेल्या माणसाला मीच दारातून परत आणलंय. "काका, तुमचे २५ फूट भिंतीत आहेत." त्यांना ते करार करताना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि व्याख्या झाली म्हणून शब्द स्वस्थ बसले नाहीत. आता ऐकू येतं 'युजेबल कार्पेट', 'टोटल कार्पेट', 'इफेक्टिव्ह कार्पेट'. कार्पेटच्या आधी एखादं विशेषण आलं की समजायचं, बाल्कनी आत ओढली आहे. सोबत ड्राय बाल्कनी, डेक, युटिलिटी, जे काय असेल ते. बाल्कनीचा भाव घ्यायला माझी हरकत नाही, ती वेगळी दाखवा एवढंच. १९६३च्या मोफा, म्हणजे सदनिकांच्या मालकीच्या जुन्या कायद्यातही बाल्कनीचं क्षेत्र वेगळं दाखवायचं असं आहेच.

हीच बाल्कनी जीएसटीच्या वेळी काय करते ते बघण्यासारखं आहे. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि बाकीच्यांना ५ टक्के कर आहे. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत. पुण्या-नाशकाकडे ९० पर्यंत. ६० चौरस मीटर म्हणजे जवळपास ६४६ चौरस फूट. तेव्हा कराच्या कागदावर घर ६४० फुटांचं असतं, बाल्कनी बाहेर. आणि विक्रीच्या टेबलावर तेच घर 'सातशे वीस युजेबल', बाल्कनी आत. एकाच दिवशी, एकाच केबिनमध्ये, एकाच मुलीच्या तोंडून मी हे दोन्ही आकडे ऐकलेत. तिचा दोष नाही, तिला पाठ करायला दिलं होतं.

आता आपल्या, म्हणजे सरकारी मराठीबद्दल. रागावू नका.

कार्पेट एरियाला आपण 'चटई क्षेत्र' म्हणता. छान शब्द आहे. चटई जिथे अंथरता येते ती जागा, शेंबड्या पोरालाही कळेल. पण एफएसआयलाही आपण 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणता. भूखंडाच्या तुलनेत एकूण किती बांधकाम करता येईल त्याचं ते प्रमाण. हजार चौरस मीटर भूखंडावर निर्देशांक २ असेल तर दोन हजार चौरस मीटर बांधकाम. त्या बांधकामात बाहेरच्या भिंतीही मोजल्या जातात, ज्यांच्यावर आजवर कुणी चटई अंथरलेली नाही. एका निवृत्त मास्तरांनी मला करारातला एकच परिच्छेद दाखवला, त्यात चटई दोनदा होती आणि दोन वेगवेगळ्या मापांची होती. मास्तर व्याकरणाचे. म्हणाले, "एक शब्द दोन अर्थांनी वापरला तर आम्ही पेपरात श्लेष म्हणून दोन मार्क द्यायचो. यांनी माझे किती घेतले?"

'भोगवटा प्रमाणपत्र' म्हणजे ओसी, इमारतीत राहायला जायची परवानगी, हे अजून अनेकांना मला सांगावं लागतं. 'मानीव अभिहस्तांतरण' ऐकून तर एक बाई म्हणाल्या, हे शस्त्रक्रियेचं नाव आहे का. डीम्ड कन्व्हेयन्स म्हटल्यावर कळलं त्यांना. म्हणजे कन्व्हेयन्स कळलं असं नव्हे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा शब्द ऐकलाय हे कळलं. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर बिल्डरनं करून द्यायची असते. तो करून देत नसेल तर सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि ती त्याच्याविना नावावर करून घ्यायची. हे दीड वाक्यात सांगता येतं. मग करारात का नाही सांगत?

इंग्रजी आद्याक्षरांचा गोंधळ तर निराळाच. 'सीसी मिळालं' असं जाहिरातीत असतं. कमेन्समेंट सर्टिफिकेटही सीसी आणि कम्प्लीशन सर्टिफिकेटही सीसी. एक बांधकाम सुरू करायची परवानगी, दुसरा बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. पायाचा खड्डा आणि रंगवलेली इमारत, दोन्हींसाठी तीच दोन अक्षरं. मुंबईत त्याही आधी आयओडी असतो. १८८८च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली निघणारं हे पत्र, नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नापसंतीची सूचना. आणि व्यवहारात ती सशर्त मंजुरी! अमुक अमुक अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून नापसंत, त्या पुऱ्या केल्यात की चालेल, असा सरळ अर्थ. बिल्डर हौसेनं फलक लावतात, 'आयओडी प्राप्त'. नापसंती प्राप्त झाल्याचे पेढे फक्त आपल्याकडे वाटले जात असतील.

'फिट-आउट पझेशन'बद्दल मला जास्त बोलायला हवं, कारण तिथे माझंच नाव पुढे केलेलं असतं. ओसी आलेली नसते. पण घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरून लोक टेकीला आलेले असतात. मग बिल्डर म्हणतो, फर्निचरचं काम करून घ्या, त्यासाठी किल्ली देतो, राहायला नाही. पत्रही तसंच देतो. फर्निचरला दोन महिने लागतात. दोन महिन्यांनी ओसी येत नाही, आणि लाख-दोन लाखांचं लाकूड बसवलेलं घर सोडून कुणी बाहेर राहत नाही. माणसं सामान आणतात. पाणी टँकरचं, वीज बांधकामाच्या मीटरवरची. अशा एका इमारतीत मी अकराव्या मजल्यावर प्लाय खांद्यावरून चढवलाय, कारण लिफ्टला परवानगी नव्हती. नवव्या मजल्यावर एक आजी राहायला आलेल्या होत्या. त्या खाली कशा उतरणार, हे मी विचारलं नाही. बिल्डरच्या कागदावर ताबा दिलेलाच नव्हता. पण त्या आजींच्या घरच्यांनी नातेवाइकांना 'पझेशन मिळालं' असंच सांगितलं असणार. त्या शब्दाची किंमत ओसीशिवाय काय आहे ते जाहिरातीतच मोठ्या अक्षरांत यायला हवं: भोगवटा प्रमाणपत्र नाही तोवर ताबा नाही, मग त्याला फिट-आउट म्हणा की आणखी काही.

शब्द बदलून जागा तीच ठेवण्याची कला जुनी आहे. मुंबईत पूर्वी आराखड्यांत फ्लॉवर बेड असायचे, खिडकीबाहेर दोन-दोन फुटांचे. एफएसआयमध्ये धरले जात नव्हते म्हणून. बावीस वर्षांत मी फ्लॉवर बेडमध्ये फूल बघितलेलं नाही. ताबा मिळाला की लोक मला बोलावत, खिडकीखालची भिंत काढून फरशी एका पातळीत आणायला आणि वर बसायला बैठक करायला. बिल्डरनं पैसे आधीच घेतलेले असायचे. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, हे सगळे फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये धरायचं ठरलं आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे जादा, एफएसआय मिळू लागला. फ्लॉवर बेड हा शब्द नव्या जाहिरातींतून नाहीसाच झाला. त्या बदलाचा फुलांवर काही परिणाम झाला नाही.

अडीच बीएचकेतलं 'अर्धं' तेवढं सांगून पुढे जातो. त्या अर्ध्याला व्याख्या नाही. मी साडेपाच बाय सहाचं अर्धं पाहिलंय आणि आठ बाय नऊचंही. पहिल्यात टेबल बसलं, खुर्ची नाही.

माझ्या विनंतीचा मुद्दा मला आपणच सुचवलात. पार्किंगच्या भांडणांनी आपण कंटाळला होतात. २०१०मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग वेगळं विकता येत नाही असं सांगितलं, रेरानं उघडं पार्किंग सामायिक जागांत धरलं, तरी कव्हर्ड, स्टॅक, पोडियम असले शब्द येत राहिले. गाडी घेऊन गेल्यावर कळायचं की खांब मध्ये आहे, दार उघडत नाही. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये आपण आदेश काढला: पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली जागा हे सगळं वाटपपत्र आणि विक्री करारासोबत जोडायचं. मला हा आदेश फार आवडला. आच्छादित म्हणजे काय यावर निबंध न लिहिता आपण टेप लावायला सांगितलंत.

मग साहेब, गाडीला मिळालं ते माणसाला द्या. प्रत्येक खोलीचं माप करारासोबत येऊ दे, प्लास्टर झाल्यानंतरचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि खांबाचं नाक बाहेर आलं असेल तर तिथलं, म्हणजे सर्वांत अरुंद जागेचं. आराखड्यात दिसणारं १० फूट हे विटेपासून विटेपर्यंतचं असतं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर लागलं की इंच-सव्वा इंच जातो, भिंत ओळंब्यात नसेल तर आणखी. आपल्या नमुना करारात एकूण कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ६४० फुटांच्या घरात ते १९ चौरस फूट होतात. ते हॉलमधून गेले तर कुणाला कळत नाही, बेडरूममधून गेले तर कपाटाचं दार उघडत नाही. एकूण आकड्यावरून हे दिसतच नाही.

जाहिरातीत आकडा एकच असावा, नुसतं कार्पेट, आधी विशेषण नको. चौरस मीटर आणि कंसात चौरस फूट. बाल्कनी शेजारी, तिच्या स्वतःच्या मापासह. १ ऑगस्ट २०२३ पासून आपण जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलात, म्हणजे जाहिरातीच्या चौकटीत काय छापायचं हे आपण ठरवू शकता. आणि सँपल फ्लॅटमध्ये प्रत्येक फर्निचरवर एक छोटी पट्टी लावायला सांगा, त्यावर मापं. 'पलंग, लांबी ५ फूट ९ इंच.' बस, बाकी गिऱ्हाईक बघून घेईल.

शब्दांचं पान मराठीत हवं, वाटपपत्राला टाचलेलं. ते लिहायला भाषा संचालनालयाची समिती बसवण्याआधी एकदा आमच्यासारख्यांना बोलवा. सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियन, सोसायटीचे सेक्रेटरी. चटई शब्द कार्पेटसाठी राखून ठेवा आणि एफएसआयला दुसरं काहीही म्हणा, 'बांधकाम निर्देशांक' म्हणा. सीसी आणि ओसी पूर्ण लिहायला लावा. घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही, हे कलम १३ तर त्या पानावर सगळ्यात वर यावं, कारण चेक फाडायची वेळ पान वाचायच्या आधी येते.

परवाच्या त्या घरात आम्ही शेवटी सरकती दारं बसवायचं ठरवलं. खर्च वाढला. वडील गप्प होते. निघताना म्हणाले, "तुम्हाला आधी बोलवायला पाहिजे होतं." मी म्हटलं, आधी फक्त आराखडा होता, आराखड्यावर मला टेप लावता येत नाही.

कळावे,
आपला,
एक फर्निचरवाला, ठाणे

ता. क. सँपल फ्लॅट पाडतात तेव्हा सामान परत घ्यायला आम्हालाच सांगतात. तो ५ फूट ९ इंचांचा पलंग माझ्या कारखान्यात आहे. कामावरचा एक मुलगा त्यावर झोपतो, पायांखाली त्यानं स्टूल ठेवलंय. मापाच्या पट्टीचा नमुना पाहायचा असेल तर तिथेच लावून ठेवतो.